खोडीसकट रोबो

माझिंगर झेड नावाच्या जपानी रोबोची उंची १८ मीटर आणि वजन २० टन आहे, या माहितीचा वडूजमध्ये कुणाला काडीचा उपयोग नाही. सातबाऱ्यावर तिची नोंद लागत नाही, तहसीलमध्ये तिची झेरॉक्स कुणी मागत नाही. तरी ती मला पाठ आहे, कारण घरात पुतण्या आहे. तो कराडला डिप्लोमा करतो, शनिवारी एसटीने वडूजला येतो आणि रविवारी संध्याकाळपर्यंत रोबोंचे आकडे सांगत बसतो. गंडम १८ मीटर, ४३.४ टन. गेटर रोबो ३८ मीटर. इडियॉन १०५ मीटर. डनबाईन मात्र जेमतेम सात मीटर, म्हणजे रोबोंच्या घरातलं शेंडेफळ.

त्याचे दोन मित्रही येतात आणि तिघांचा वाद सुरू होतो. रोबो चांगला की वाईट, हा वाद नसतोच. मूळ कार्टूनमध्ये तो जसा होता तसाच व्हिडिओ गेममध्ये उतरलाय का, हा असतो. त्यातही गोळ्या झाडत पळायचे गेम त्यांना चालत नाहीत. चौकटी आखलेला नकाशा, त्यावर आपलं सैन्य, समोर शत्रूचं, आपण एक चाल करायची, मग त्याने करायची, असे डावपेचांचे गेम त्यांना लागतात. त्यात रोबोच्या नावापुढे ताकद, चिलखत, चपळाई असे आकडे असतात आणि प्रत्येक आकड्यावर हे तिघे अपील करतात. "माझिंगरचं चिलखत एवढं कमी? हा अन्याय आहे!"

मराठी घरात हा वाद नवा नाही. ऐतिहासिक सिनेमा लागला की 'इतिहासाची मोडतोड' आणि कादंबरीचं नाटक झालं की 'मूळ कादंबरीत असं नाहीये हो', हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. फरक एवढाच, की सिनेमावर भांडणाऱ्या मोठ्या माणसांनी मूळ साधनं सहसा पाहिलेली नसतात. या पोरांनी मूळ कार्टून दोनदा पाहिलेलं असतं.

एकदा हा वाद ऐन रंगात असताना शेजारचे आप्पा ओट्यावर येऊन बसले. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वीस टन कुठल्या काट्याला?"

पुतण्या गोंधळला. आप्पांनी चाळीस वर्षं कारखान्याला ऊस घातलेला आहे. वजन सांगितलं की काटा विचारायचा, ही त्यांची सवय. "कारखान्याच्या काट्याला वीस भरला आसंल, तर खरा पंचवीस धर," असा निकाल त्यांनी दिला आणि माझिंगरच्या वजनाचा प्रश्न आमच्या गल्लीपुरता मिटला. खरं तर १८ मीटर उंचीच्या लोखंडी गड्याला पंचवीस टनही कमीच होतात. त्याच उंचीचा गंडम माझिंगरच्या दुपटीहून जड आहे. पण जपानी कार्टूनवाल्यांनी वजन ठरवताना काटा वापरला नसावा, पेन वापरला असावा.

या सगळ्या भांडणाचं मूळ पीठ म्हणजे 'सुपर रोबोट वॉर्स' ही गेमची मालिका. पहिला भाग १९९१ साली गेमबॉय या हातात मावणाऱ्या यंत्रावर आला. कल्पना साधी होती. निरनिराळ्या कार्टूनमधले, सहसा एकमेकांचं तोंडही न पाहिलेले रोबो एकाच सैन्यात भरती करायचे. १९७२ चा माझिंगर, १९७४ चा गेटर, १९७९ चा गंडम, सगळे एका पंगतीला. पहिल्या भागात तर आत बसणारे चालकच नव्हते. रोबो स्वतःच बोलायचे, स्वतःच लढायचे. एवढ्या गर्दीत उंचीचं काय करायचं? गेम बनवणाऱ्यांनी सगळ्यांना बुटकं केलं, डोकं मोठं, पाय आखूड. शंभर मीटरचा इडियॉन एका चौकटीत आणि सात मीटरचा डनबाईनही एका चौकटीत. मग उंचीची भरपाई म्हणून कपड्यांना असतात तशी स्मॉल, मीडियम, लार्ज अशी मापं पुढच्या भागांत दिली. १०५ मीटरच्या विश्वसंहारक यंत्राला दुकानदाराने 'यात डबल एक्सेल देतो' म्हणावं, तसा हा प्रकार आहे, आणि पोरांना तो मान्य आहे. उंचीवर ती भांडत नाहीत. मग भांडतात कशावर, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.

ते आप्पांनी दुसऱ्या प्रश्नात सांगून टाकलं. आप्पांना रोबोतलं काही कळत नाही, पण बैलातलं कळतं. आमचा माण-खटावचा भाग खिलार जनावरांचा. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, तिथे जनावरांचा मोठा बाजार असतो. तिथे बैल बघताना शिंगं, खांदा, चाल हे कुणीही बघतो. जाणता माणूस मात्र दात बघून झाले की हळूच विचारतो, "खोड काय?" मारका आहे का, बुजतो का, पाण्यात उतरताना अडतो का, उजवीकडेच ओढतो का. बैल ओळखायचा तो त्याच्या खोडीवरून, ताकदीवरून नव्हे. ताकद काय, सगळेच सांगतात.

आप्पांनी पुतण्याला तेच विचारलं. "त्या तुझ्या रोबोची खोड काय?"

आणि मला एकदम वाटलं, की रूपांतर इमानदार आहे की नाही हे बघायची कसोटी हीच आहे. आकडे कुणीही उतरवील. चित्र कुणीही उतरवील. मूळ रोबोची खोड गेममध्ये आली, तर तो रोबो तोच. खोड गाळली, तर नुसता रंग दिलेला डबा.

या कसोटीवर माझिंगर काठावर पास होतो. मूळ कार्टूनमध्ये त्याला सुरुवातीला उडताच येत नव्हतं. शत्रूचे राक्षस आकाशातून यायचे आणि हा जमिनीवरून मुठी फेकायचा. त्याची मूठ कोपरापासून सुटून अग्निबाणासारखी जाते, हे कौतुकाचं, पण मूठ गेल्यावर परत येईपर्यंत हात थोटा राहतो, ही खोड. पंख त्याला मालिका बरीच पुढे गेल्यावर मिळाले. गेमच्या काही भागांत हा क्रम पाळला आहे. आधी पायी चाल, मग पंख. काही भागांत मात्र पहिल्यापासूनच पंख लावून देतात, आणि आमची तीन डोकी त्या भागांना नाकं मुरडतात.

खरा मानकरी आहे बॉस बोरोट. माझिंगरच्याच कार्टूनमधला हा विदूषक. बॉस नावाच्या दांडगट पोराला माझिंगरचा हेवा वाटतो, म्हणून तो भंगार गोळा करून स्वतःचा रोबो बनवून घेतो. गोल तोंड, मोठं पोट, धड चालता येत नाही. आता गेममध्ये लढाई संपली की मोडलेल्या रोबोंच्या दुरुस्तीचं बिल येतं, आणि मोठ्या रोबोंची बिलं हजारांच्या घरात असतात. बॉस बोरोटचं बिल किती? दहा. फक्त दहा! सगळ्या मालिकेत हा आकडा प्रसिद्ध आहे. गेम बनवणाऱ्या कुणी तरी बसून विचार केला असणार, की भंगाराचाच रोबो आहे, मोडला तर मोडून मोडून काय मोडणार? हे ऐकल्यावर आप्पांनी पहिल्यांदा मोबाइल हातात घेतला आणि चष्मा लावून बॉस बोरोटचा चेहरा नीट न्याहाळला. "ह्यो आपल्यातला हाय," म्हणाले. जपानमध्ये कुणा समीक्षकाने त्याचा यापेक्षा मोठा गौरव केला असेल, असं वाटत नाही.

इव्हँगेलियनची खोड तर वडूजकरांना समजावून सांगावीच लागत नाही. हा १९९५ च्या कार्टूनमधला महाकाय योद्धा. त्याच्या पाठीत एक जाडजूड वीजवाहक तार खुपसलेली असते. तार आहे तोवर तो जग वाचवतो. तार तुटली की आतल्या बॅटरीवर पाच मिनिटं, आणि मग जागच्या जागी थिजला. १९९७ च्या 'सुपर रोबोट वॉर्स एफ'मध्ये तो आला तेव्हा ही तार सोबत घेऊनच आला. विजेच्या सोयीपासून लांब गेला की त्याची शक्ती भराभर उतरते. डाव खेळताना शत्रू कुठे आहे यापेक्षा वायर कुठवर पुरते, हे आधी बघावं लागतं. परदेशातल्या पोरांना ही अडचण मोठी नाट्यमय वाटत असेल. आमच्या पुतण्याला काही विशेष वाटलं नाही. मोटारीला आठ तास थ्री फेज, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे बघत तो वाढला. त्याने फक्त विचारलं, "काका, ह्यांना रात्रपाळीची लाईट नसती का?" आणि आप्पा म्हणाले, "फेज गेली आसंल, फ्यूज बघा म्हनावं."

शिवाय इव्हँगेलियनची दुसरी खोड अशी, की फारच मार बसला तर तो पिसाळतो. मग आत बसलेल्या पोराचं काही चालत नाही. गेममध्येही तो असा पिसाळतो, आणि खेळणारा नुसता बघत राहतो. आपलंच प्यादं आपलं ऐकत नाही, हे डावपेचांच्या गेममध्ये फार थोड्यांना जमलं आहे.

आणखी एक खोड सगळ्याच जपानी रोबोंना सामाईक आहे. कार्टून बघताना प्रत्येक समजूतदार माणूस विचारतो, की बाबा, शेवटी जे ब्रह्मास्त्र काढतोस, ते पहिल्याच मिनिटाला का काढत नाहीस? वीस मिनिटं मार का खातोस? 'सुपर रोबोट वॉर्स'वाल्यांनी या प्रश्नाचा हिशेब बांधला. प्रत्येक चालकाच्या नावापुढे जोश दाखवणारा एक आकडा असतो. तो शंभरापासून सुरू होतो. शत्रू पाडला, मार खाल्ला, सहकारी पडला, की वाढतो. मोठी अस्त्रं ठरावीक आकड्याच्या खाली उघडतच नाहीत. म्हणजे आधी अंगात यावं लागतं, मग घुमायला मिळतं. यात्रेत उभं राहिलेल्या कुणालाही हे शास्त्र मान्य होईल.

अमेरिकनांचा न्याय वेगळा. १९८४ साली शिकागोच्या फासा नावाच्या कंपनीने पटावर खेळायचा 'बॅटलड्रॉइड्स' नावाचा खेळ काढला. 'ड्रॉइड' या शब्दावर 'स्टार वॉर्स'वाल्या लुकासफिल्मचा हक्क होता, म्हणून पुढच्याच आवृत्तीला तो 'बॅटलटेक' झाला. त्यातल्या बऱ्याच यंत्रांची चित्रं 'मॅक्रॉस'सारख्या जपानी कार्टूनमधून जशीच्या तशी आली होती. हक्क विकत घेतले होते म्हणे, पण मुळात विकणाऱ्याचे ते होते का, यावर वकिलांची सुगी झाली आणि १९९६ मध्ये फासाने ती चित्रं मागे घेतली. हुबेहूब उतरवण्याचा शेवट कोर्टकचेरीत होतो, हे बांधावरून भांडणाऱ्या आमच्या तालुक्याला नव्याने शिकवायला नको.

पण चित्रं गेली आणि खोड राहिली, म्हणून 'बॅटलटेक' तगला. ती खोड म्हणजे उष्णता. इथल्या यंत्राने तोफ डागली की ते तापतं. सगळ्या तोफा एकदम डागल्या की इतकं तापतं, की मध्येच बंद पडतं, नाही तर आतला दारूगोळाच फुटतो. शंभर टनांचा 'अ‍ॅटलस' असला तरी सुटका नाही. त्यामुळे सगळी अस्त्रं असूनही ती जपून, पाळीपाळीने वापरावी लागतात. २०१८ साली याच नावाचा संगणकावरचा गेम आला, त्यात तर हवामानही धरलं आहे. वाळवंटात यंत्र लवकर निवत नाही, नदीच्या पात्रात उभं केलं तर लवकर निवतं. पुतण्याने हा नियम मोठ्या अभिमानाने सांगितला. आप्पांनी गावच्या येरळा नदीच्या दिशेने नुसती मान वळवली. महिना एप्रिलचा होता. त्या मानेत सगळं उत्तर होतं.

इडियॉनबद्दल लिहिताना जरा आवाज खाली ठेवतो. १९८० च्या या कार्टूनची कीर्ती अशी, की शेवटी कुणीच उरत नाही. नायक नाही, खलनायक नाही, जग नाही. रोबोच्या आतली शक्ती जागी झाली की सगळं संपवते. असा गडी सैन्यात भरती कशाला करायचा? पण २००५ च्या 'तिसऱ्या अल्फा' भागात केला, आणि खोडीसकट केला. त्याच्या शक्तीचा एक काटा पडद्यावर चढत जातो. चढेल तसा तो भारी होतो, आणि पार टोकाला गेला की आपलं, शत्रूचं, सगळ्यांचंच विसर्जन. खेळ खलास. म्हणजे ज्याच्या जिवावर जिंकायचं, त्याच्यापासूनच जपायचं. या एका तपशिलासाठी मी त्या बनवणाऱ्यांना पैकीच्या पैकी गुण देतो.

आता कुणी म्हणेल, की हे सगळं जपानी-अमेरिकन झालं, आपलं काय? आपलं म्हणजे बुद्धिबळ. शेजारच्या सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे आयुष्यभर या खेळाची पोरं घडवली. युद्धातलं महाकाय शस्त्र डावपेचांच्या खेळात उतरवण्याचं काम आपण दीड हजार वर्षांपूर्वी करून ठेवलं. ते शस्त्र म्हणजे हत्ती. पण खोडीच्या कसोटीवर आपला हत्ती सपशेल नापास आहे, हे दुःखाने सांगावं लागतं. खऱ्या हत्तीची खोड जगजाहीर होती. बाण लागला, आग दिसली की तो उलटा फिरायचा आणि आपलंच सैन्य तुडवायचा. बुद्धिबळातला हत्ती आजवर एकदाही बिथरलेला नाही. अर्धा डाव कोपऱ्यात उभा राहतो, मग सरळ रेषेत जातो, सांगितलं तिथे थांबतो. हा हत्ती नव्हेच, हा निवृत्तीला आलेला सरकारी नोकर. याउलट २००४ च्या 'रोम : टोटल वॉर' या गेममध्ये हत्ती खरोखर पिसाळतात, स्वतःच्याच सैन्यात घुसतात, आणि तेव्हा आपल्याच हत्तींना मारण्याची आज्ञा द्यायची सोयही ठेवली आहे. सांगलीकरांनी रागावू नये, पण या बाबतीत इंग्रज पुढे गेले.

कधी कधी रोबो इमानदार असतो आणि त्याचा मालकच बदललेला असतो. 'सिव्हिलायझेशन ५' या २०१० च्या गेममध्ये 'जायंट डेथ रोबोट' नावाचं युरेनियमवर चालणारं अवाढव्य यंत्र आहे. ते कुठल्याच कार्टूनमधून घेतलेलं नाही, त्यामुळे त्यावर पोरं भांडत नाहीत. त्याच गेममध्ये भारताचे नेते गांधीजी आहेत. तेव्हा खेळणाऱ्याच्या मनात आलं, तर गांधीजींच्या आज्ञेने हा मरणरोबो दिल्लीच्या वेशीबाहेर पडतो. ज्या वडूजमध्ये ९ सप्टेंबर १९४२ रोजी गांधीजींच्या 'चले जाव'पायी माणसं तिरंगा घेऊन कचेरीवर चालत गेली आणि नऊ जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले, त्या गावात हा गेम खेळताना पुतण्या जरा अडखळला. मग त्याने गांधीजींचा डाव बंद केला आणि दुसरा देश घेतला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या पिढीचा रोबो मात्र एकच. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागणारा 'जायंट रोबोट'. मूळ जपानी मालिका १९६७ ची. जॉनी नावाचा पोरगा मनगटावरच्या घड्याळात बोलायचा आणि तो इजिप्शियन तोंडाचा धिप्पाड रोबो आकाशातून यायचा. त्याची खोड म्हणजे तो फक्त या पोराचंच ऐकायचा. सेनापती, शास्त्रज्ञ, सरकार, कुणाचं म्हणून ऐकायचा नाही. आमच्यापैकी प्रत्येकाने तेव्हा मनगटावर पेनने घड्याळ काढून त्यात हुकूम सोडले आहेत. शेवटच्या भागात त्याने पहिल्यांदाच पोराचंही ऐकलं नाही. पोरगा थांब थांब म्हणत होता आणि हा शत्रूच्या बादशहाला कवटाळून अवकाशात गेला, तो परत आला नाही.

हाच रोबो, पुढे आलेल्या नव्या कार्टूनच्या रूपात, १९९९ च्या 'सुपर रोबोट वॉर्स ६४'मध्ये आहे. ताकद आहे, चिलखत आहे, तो मुलगाही आहे. पण तो आपण म्हणू तिथे जातो, जाऊ नको म्हटलं तर जात नाही. चौकटीत तरबेज, वागण्यात आज्ञाधारक. पुतण्याने तो मला मोठ्या कौतुकाने दाखवला. मी म्हटलं, "हा तो नव्हे."

"काका, आकडे बरोबर आहेत वो सगळे."

"आकडे असू देत."

आता एक विनंती. पुण्यात हल्ली गेम बनवणारी मंडळी जोरात आहेत. २०२० मध्ये 'राजी' तिथूनच आला आणि 'इंडस'ही तिथलाच. उद्या यांच्यापैकी कुणी डावपेचांच्या गेममध्ये मराठी महाकाय रोबो उतरवणार असेल, तर त्याची उंची, वजन, तोफांची संख्या खुशाल काहीही ठेवा, आम्ही हरकत घेणार नाही. पण त्याला एक तरी अस्सल खोड द्या, आणि ती शेवटच्या भागापर्यंत सुधारू नका. आणि नकाशात वडूज घेतलंत, तर उन्हाळ्यात येरळा कोरडी दाखवा. इथली पोरं तपासून बघतात.